पुढच्या फेरीला

ताळेबंद जुळवणं हा माझा धंदा. पणजीत एका सीएच्या ऑफिसात मी ऑडिटचं काम करते. पतसंस्था, सहकारी सोसायट्या, मधूनच एखादं देवस्थान. डावीकडे एक बेरीज, उजवीकडे एक बेरीज, दोन्ही सारख्या आल्या की गंगेत घोडं न्हालं. दहा महिन्यांपूर्वी घरात जुळी आली आणि तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "कसं गं जुळवतेस सगळं? नोकरी, घर, वर ही फिरती?" जुळ्यांच्या आईला हे विचारताना आपल्या हातून कोटी झाली, हे कुणाच्या गावीही नसतं.

जुळत नाही. आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे जो फरक काही केल्या सापडत नाही, तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकतात. मागाहून शांतपणे शोधू म्हणून. माझ्या घरचं ते खातं सध्या चांगलंच फुगलंय. डोक्याला लावायचं तेल त्यात आहे, दाताच्या डॉक्टरांकडची खेप आहे, एका मैत्रिणीला करायचा उलटा फोन आहे, आणि नवऱ्याशी फेब्रुवारीत सुरू केलेलं एक भांडणही आहे. त्यात माझी बाजू बरोबर होती एवढं पक्कं आठवतं. विषय आठवत नाही.

एक मुलगी, एक मुलगा. मुलगी चार मिनिटांनी मोठी. ही चार मिनिटं तिला जन्मभर पुरणार अशी लक्षणं आहेत, कारण आत्तापासूनच शेजारपाजारच्या बायका तिला सांगतात, "तू थोरली ना? मग रडायचं नाही हं." दहा महिन्यांच्या पोरीनं समजूतदार व्हायचं, आणि धाकट्यानं चार मिनिटांच्या उशिराचं भांडवल करायचं. सासूबाईंचं निदान वेगळं आहे. त्यांच्या मते मी कधीतरी जुळं केळं खाल्लं असणार. मी नाही म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "सालदाटीच्या घडात असतात तशी. तुला कळलंही नसेल."

मला आपली कुंती आठवते. पांडूच्या शब्दाखातर तिनं माद्रीला मंत्र दिला, तर माद्रीनं नेमकं अश्विनीकुमारांना बोलावलं आणि एका मंत्रात नकुल-सहदेव पदरात पाडून घेतले. पुढे पांडू पुन्हा रदबदली करायला गेला तेव्हा कुंतीनं साफ नकार दिला, आपण फसवले गेलो म्हणाली. एका व्हाउचरवर दोन नोंदी! ऑडिटरला हे खटकणारच. माझी सहानुभूती मात्र माद्रीकडे आहे. मंत्र एक, पण रात्री दोन्हीकडे उठायचं तिलाच असणार.

कायद्याचंही गणित असंच. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली, चांगलं झालं. पण बाळंतपण एक म्हणजे रजा एक, आत किती माणसं होती हे कोणी मोजत नाही. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी, अशीही तरतूद आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भरून आलं. म्हटलं, दोन बाळं, दोन सुट्ट्या, कोणीतरी विचार केला बाई आपला. मग कळलं, ती एकाच बाळाची दोन वेळची सोय आहे.

आम्ही राहतो चोडणला. मांडवीतलं बेट. रायबंदरहून फेरीनं पलीकडे आलं की खारफुटी, सलीम अली पक्षी अभयारण्याची पाटी, आणि मग गाव. मयेवरून रस्त्यानं फिरून येता येतं, पण तो वळसा सकाळी कुणाला परवडतोय? त्यामुळे आमच्या गावचं घड्याळ फेरीवर चालतं. माझी पोरं झाली त्याच महिन्यात, जुलै 2025 मध्ये, या मार्गावर नव्या रो-रो बोटी आल्या, एका टोकानं गाड्या चढतात आणि दुसऱ्या टोकानं उतरतात तशा. त्याही दोन, गंगोत्री आणि द्वारका. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी तेव्हा गंभीर चेहऱ्यानं सुचवलं होतं, नावं तीच ठेवा. नवरा हसला. मी दोन दिवस विचार करत होते.

बोट मोठी झाली तरी सकाळची रांग काही चुकत नाही. रांगेत एक न बोललेला करार असतो. फेरी भरली की भरली. कामगार हात आडवा करतो, फळी वर जाते, आणि मागे राहिलेला माणूस गाडी बंद करतो. पावसात छत्रीतून शिव्या घालील, पण ढकलाढकली करून आत घुसणार नाही, कारण पुढे नदी आहे. जुळ्यांचं घर चालवायला मला जे काही सुचलं ते सगळं या धक्क्यावरच. दोघं एकदम रडतात. हात दोन आहेत, पण दूध, पंचा, बाटली आणि मन एकावेळी एकीकडेच जातं. पहिले दोन महिने मी दोघांना एकदमच शांत करायला धावायची आणि शेवटी तिघं रडायचो. मग एका रात्री धाकट्याला पाळण्यात रडत ठेवलं, थोरलीला पोटभर पाजलं, आणि त्याला म्हटलं, "बाबा, तू पुढच्या फेरीला."

हे लिहायला सोपं आहे. ती सहा-सात मिनिटं सोपी नसतात. एकाला पाजताना दुसऱ्याच्या रडण्याचा सूर कसा बदलतो ते ऐकत बसायचं. आधी राग, मग विनवणी, आणि मग एक उचकीसारखा आवाज येतो, त्याला मी अजून नाव ठेवलेलं नाही. पण थोरलीला अर्धपोटी सोडून उठले तर दोघं अर्धपोटी राहतात, हेही तितकंच खरं.

त्यांना घेऊन बाहेर पडायचं म्हणजे वरातच. नऊ महिन्यांची झाली तेव्हा गोवर-रुबेलाच्या लशीला पणजीला न्यायची होती. जोड बाबागाडी घेतलेली आहे, शेजारी शेजारी दोन सीटांची. ती कुठल्याही दारातून जात नाही. फेरीवर मात्र ऐटीत चढली. फळीवर एका चाकाला अडकलेलं गवत काढायला मी वाकले, तर कामगारानं एका हातानं गाडी उचलून आत घेतली आणि विचारलं, "दोनूय तुजींच गो?" मी मान हलवली. त्यानं मागच्या मोटारवाल्याला थांबायची खूण केली. गाडीला जागा हवी म्हणून एक अख्खी मोटार मागे राहिली. मोटारवाला काही बोलला नाही, पण काचेआडून तो आमच्याकडे असं बघत होता, जणू बाबागाडीला हॉर्न का नाही याचा विचार करतोय. लस टोचताना आधी थोरली रडली. तिला बघून धाकटा रडला, त्याला अजून सुई दाखवलीसुद्धा नव्हती. मग त्याला टोचलं तेव्हा तो रडून दमलेला होता, हूं की चूं नाही. नर्सबाई म्हणाल्या, "मुलगा धीराचा आहे." मी थोरलीच्या वतीनं निषेध नोंदवणार होते, पण फेरी गाठायची होती.

विमानाचा अनुभव फेब्रुवारीतला. नागपूरला आतेभावाचं लग्न. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं हे माहीत होतं. एका मोठ्या माणसामागे एकच मूल, हेही ठीक. कळलं नव्हतं ते पुढचंच. तीन सीटांच्या ओळीवर ऑक्सिजनचे मुखवटे चार असतात, म्हणजे त्या ओळीत मांडीवरचं मूल एकच. म्हणून आम्हा नवरा-बायकोला मधल्या वाटेच्या अल्याड-पल्याड बसवलं. आमच्यामधून चहाची ढकलगाडी गेली, एक काका तीनदा गेले, आणि बाटली, लंगोट, खुळखुळा यांची देवाणघेवाण त्या गर्दीतून चालू राहिली. उतरताना बाळाला पाजावं, गिळलं की कान मोकळे होतात, एवढं मी वाचून ठेवलं होतं. माझ्या मांडीवरची वेळेवर प्यायली. पलीकडचा नेमका झोपलेला. उठवावं की नाही यावर आम्ही वाटेच्या दोन्ही काठांवरून हलक्या आवाजात वाद घातला, आणि आत्ता लिहिता लिहिता आठवतंय, फेब्रुवारीतलं ते भांडण हेच. उठवायला हवं होतं. धावपट्टीपर्यंत सगळ्या विमानाला ते पटलं.

मूल घेऊन प्रवास करण्यात आमच्या गावचा आदर्श फार मोठा आहे. माशेलच्या देवळातली देवकी-कृष्ण मुळात चोडणची. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकात, मूर्ती इथून हलवली, आधी मयेला आणि तिथून माशेलला. कृष्णाशेजारी राधा नाही, रुक्मिणी नाही, आई आहे, अशी देवळं विरळाच. घरून निघताना फारच तारांबळ उडाली की मी देवकीचं नाव घेते. तिच्याजवळ एकच होता, हे मनातल्या मनात म्हणते.

आता कामाची फिरती. मार्च संपला की आमचा हंगाम. या मे महिन्यात काणकोणच्या एका पतसंस्थेचं ऑडिट माझ्याकडे आलं. तिकडच्या रस्त्यावरच्या करमलघाटाची वळणं मला सोसत नाहीत. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाली नसती तर काणकोण मी केव्हाच दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारलं असतं. स्कूटर करमळी स्टेशनवर लावायची, गाडी पकडायची, दिवसभर काम, संध्याकाळी परत. घरी नवरा. शाळेत शिकवतो, त्याला मेची सुट्टी. जोडीला सासूबाई. सोय चोख होती. राहता राहिला दुधाचा प्रश्न.

पतसंस्थेतल्या बाईंनी रेकॉर्ड रूमची किल्ली दिली. जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांमध्ये, कसर आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात बसून मी पंप लावला. समोरच्या फायलीवर लिहिलं होतं "थकबाकी". काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. काणकोणच्या मे महिन्याला हे 25 अंश कुणी समजावून सांगावेत? बर्फाच्या पिशव्या नेल्या होत्या, त्या दुपारपर्यंत पाणी होऊन बसल्या. निघताना चावडीवरच्या बाजारात गेले. एक मासळीवाली आवराआवर करत होती. तिच्या पाटीत बांगडे कमी, बर्फ जास्त. तिच्यापुढे स्टीलचा डबा उघडला आणि बर्फ मागितला.

"तें कितें गो?" तिनं आतली पिशवी बोटानं दाबून पाहिली.

"दूद."

"कोणाचें?"

"म्हजें."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पिशवीकडे. मग पाटीच्या तळाकडचा, मासळीला न लागलेला बर्फ ओंजळीनं काढला, बाटलीतल्या पाण्यानं धुतला आणि डबा काठोकाठ भरला. वर चार ओंजळी जास्त घातल्या. पैसे काढायला लागले तर ती म्हणाली, "पयशे कितें?" आणि मला अर्धा किलो बांगडे विकले. धंदा तो धंदा. मी घासाघीस केली नाही.

करमळीला उतरले तेव्हा संध्याकाळ कलली होती. एका हाताला लॅपटॉप, खांद्याला डबा, स्कूटरच्या हुकाला बांगडे. गाडी सुरू करण्याआधी सवयीनं मागे वळून मोजलं, एक, दोन. दोन नव्हतेच. एकही नव्हतं. छातीत धस्स झालं आणि मग आठवलं, ती घरी आहेत. शेजारचा रिक्षावाला बघत होता, म्हणून मी पिशव्या मोजल्यासारखं केलं.

रायबंदरच्या धक्क्यावर पोचले तर फेरी भरत आलेली. माझ्या पुढचा स्कूटरवाला चढला आणि कामगारानं हात आडवा केला. "फुडल्या ट्रिपाक, बाय."

मी स्कूटर बंद केली. टपरीवर एक चहा घेतला. भरती लागली होती, खारफुटीवर बगळे एकेक करून उतरत होते. चहा गरम होता. गरम चहा शेवटपर्यंत गरम पिण्याची मला सवय राहिलेली नाही, जीभ भाजली. पंधरा मिनिटं कुणीही माझ्याकडे काहीही मागितलं नाही. मला वाटतं मी काही विचारही केला नाही. बहुधा पेल्याच्या तळाची पूड बघत होते.

पुढची फेरी आली. फळी खाली झाली, पलीकडून आलेल्या गाड्या उतरल्या, कामगारानं मला पुढे यायची खूण केली. माझ्यामागे एक मुलगा स्कूटर रेटत होता.

"तूं वच मुखार," मी त्याला म्हटलं. तो बुचकळ्यात पडला, पण गेला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले.

तेवढ्यात फोन. सासूबाई. मागे एक रडतंय, दुसरं रडायच्या तयारीत. आवाजावरून थोरली.

"कुठे पोचलीस गं?"

"रायबंदरला. फेरी भरली हो आई," मी म्हटलं, "पुढच्या फेरीला येते."

डब्यातला बर्फ मी आधीच चाचपून पाहिला होता.