फॉइलची चाळण

नारायण पेठेत माझं टर्नटेबल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. रेकॉर्ड धुण्यासाठी सहा लिटरचं अल्ट्रासॉनिक मशीन घेतलं, त्याच आठवड्यात एक काका जुन्या बाजारातून उचललेल्या, बुरशी चढलेल्या रेकॉर्डची पिशवी घेऊन आले. “आवाजानं धुतात म्हणे. खाचा झिजणार नाहीत ना?”

मला मशीनचा जोर दाखवायची हौस. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा चालू टाकीत चिमट्यानं मिनिटभर धरला. बाहेर काढला तर चाळण! काका पिशवी उचलून उभेच राहिले.

मग माझी धावपळ. पाणी सेकंदाला ४० हजार वेळा थरथरतं, त्यात बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, त्या फटक्यानं मळ सुटतो. फॉइल अगदीच पातळ. रेकॉर्डचं प्लास्टिक, म्हणजे विनाइल, जाड आणि लवचिक, ते फटका पचवतं. शिवाय रेकॉर्ड मोटरवर फिरत राहते, एकाच जागी मार बसत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आधी तुझी टाक.”

टाकली. दहा मिनिटांनी भिंगाखाली खाचा जशाच्या तशा. काका बसले.

चूक त्यानंतर झाली. भिडेखातर मी एकामागून एक चार फेऱ्या लावल्या. हीटर बंदच होता, म्हणून निश्चिंत. काकांनी सहज टाकीला बाहेरून हात लावला. “अरे, हे तर अंघोळीचं पाणी झालंय!” थर्मामीटर घातला: ४३. मी पस्तिशीच्या वर जाऊ देत नाही. विनाइल मऊ पडायला याहून बरीच जास्त उष्णता लागते, पण ऊन पाण्यात रेकॉर्ड वाकण्याचा धोका कोण घेणार? थरथरण्याची ऊर्जाच पाणी तापवते, हे मला पाठ होतं. लक्षात मात्र नव्हतं.

मशीन बंद केलं. तेवढ्यात बुरशीसाठी म्हणून मी पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालायला बाटली उघडली. तापल्या टाकीत ते घालणं हाच मूर्खपणा, त्याची वाफ पेट घेते. वर काकांनी पुढची रेकॉर्ड हातात दिली ती चांगलीच जड. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा फिरणारी, लाखेची! लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बाटलीचं झाकण मी मुकाट्यानं लावलं.

काकांनी ती तबकडी परत वर्तमानपत्रात गुंडाळली. “ही माझी मीच पुसेन.”

पाणी निवेपर्यंत दोन चहा झाले. दोन्हींचे पैसे मीच दिले.