तुम्ही विचारलंत म्हणून: दोन ऊले आणि साडेबासष्ट इंच

पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला असतो. कधी आत्या विचारते, कधी शेजारच्या काकू. "अगं, त्या नॉर्वेच्या लोकांना म्हणे आडनावंच नव्हती. मग तू सासरचे पूर्वज शोधतेस तरी कसे? आणि तेही सैन्याच्या कागदांत? तुझ्या सासरचे सगळे शिपाईच होते की काय?"

सगळे नव्हते. पण नॉर्वेच्या खेड्यात जन्मलेला पोरगा शिपाई झाला नाही, तरी त्याला सरकारने एकदा उभं करून मोजलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

आधी आडनावाचं सांगते. लार्सचा मुलगा ऊले, तो ऊले लार्सेन. त्याचा मुलगा लार्स, तो लार्स ऊल्सेन. (लिहितात 'ओले', म्हणतात 'ऊले'. मराठीत ओले लिहिलं की माणूस पावसात भिजून आल्यासारखा वाटतो, म्हणून मी ऊलेच लिहिते.) त्यापुढे ज्या शेतावर राहतो त्या शेताचं नाव. आपल्या 'कर'सारखंच वाटतं ना? मलाही वाटलं होतं आणि तिथेच मी वर्षभर चुकत राहिले. चिपळूणकर पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिला तरी चिपळूणकरच राहतो. नॉर्वेतला माणूस शेत बदललं की नाव बदलायचा, कारण ते नाव नव्हतंच, पत्ता होता. कायमचं आडनाव सक्तीचं झालं ते १९२३च्या कायद्याने.

त्यात मुलांना आजोबांची नावं द्यायची रीत. दोन्ही आजोबा ऊले असले तर? तर दोन भाऊ, दोघेही जिवंत, दोघेही ऊले. थोरला ऊले, धाकटा ऊले. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा ऊलेचा, लग्न ऊलेचं, दफन ऊलेचं. कुठल्या ऊलेचं ते पाद्रीबुवांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी ते लिहायची तसदी घेतली नाही.

सैन्याचे कागद मदतीला येतात ते इथे.

नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होता. चौथ्या ख्रिस्तियानने १६२८मध्ये हुकूम काढला: चार पूर्ण शेतांचा एक गट करायचा आणि गटाने मिळून एक शिपाई द्यायचा. या गटाला 'लेग्ड' म्हणत. प्रमाण पुढे बदलत गेलं, लेग्ड मात्र टिकलं. शिपाई एरवी शेतीच करायचा. रविवारी प्रार्थना झाली की चर्चपाशीच कवायत. शहरातल्या लोकांची यातून बराच काळ सुटका होती, सगळं ओझं खेड्यांवर. सरसकट सक्ती आली ती १८५४च्या कायद्याने.

या शिपायांच्या हजेरीच्या वह्या म्हणजे 'रुल्ले'. मूळ कागद सरकारी दप्तरखान्यांत आहेत, पण पुष्कळशा वह्यांची छायाचित्रं डिजिटालार्किव्हेवर, म्हणजे नॉर्वेच्या सरकारी दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर, फुकट बघता येतात. अमुक परगण्यातली माणसं अमुक कंपनीत जायची, त्यामुळे शेत ठाऊक असलं की परगणा, परगण्यावरून कंपनी आणि कंपनीच्या वहीत लेग्डचा क्रमांक, असं उतरत जायचं. मग ओळीत माणूस सापडतो: नाव, जन्म कुठला, वय, नोकरीची वर्षं, लग्न झालंय का, आणि अठराव्या शतकातल्या वह्यांत उंचीसुद्धा. वयावर विश्वास ठेवू नका. तीन वर्षांनी दुसरी हजेरी झाली की माणूस कधी एकाच वर्षाने मोठा झालेला असतो, तर कधी पाच वर्षांनी. उंची मात्र फारशी खोटं बोलत नाही.

अक्षर गॉथिक वळणाचं आणि भाषा डॅनिश. ई आणि एन सारखेच दिसतात, यू ओळखायचा तो डोक्यावरच्या बाकदार रेघेवरून. माझा नवरा नॉर्वेजियन असून त्याला अक्षर लागेना आणि मला लागायला लागलं, याचं सासूबाईंना फार नवल. त्याचं श्रेय भारत इतिहास संशोधक मंडळातल्या मोडीच्या वर्गाला. मोडी वाचलेल्या माणसाला एक सवय लागते: शब्द नाही लागला तर घाबरायचं नाही, पुढे जायचं, तोच शब्द दहा ओळींनी स्वच्छ हाताने लिहिलेला भेटतो.

तर आमची गोष्ट. सासूबाईंच्या माहेरी, गुडब्रान्सडालेनच्या खोऱ्यात, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की आपला ऊले स्वीडिश सैन्याशी लढला. १८०८ साली स्वीडनने नॉर्वेवर चढाई केली होती, ट्रांगेन आणि प्रेस्टेबाक्के इथे नॉर्वेजियनांनी त्यांना मारही दिला होता, म्हणजे गोष्ट शक्यतेतली होती. सासूबाईंनी मला एवढंच म्हटलं, "तेवढा कागद शोधून दे." (त्यांना मी नावाने हाक मारावी अशी त्यांची इच्छा. दहा वर्षं झाली, अजून जीभ रेटत नाही.)

कागद सापडला. एका लेग्डखाली ऊले, छासष्ट इंच, कंपनीत भरती. घरात केक झाला. मग दुसऱ्या वहीत, त्याच शेतावर, आणखी एक ऊले, तोच बाप. साडेबासष्ट इंच. शेऱ्याच्या रकान्यात पायाबद्दल काहीतरी आणि पुढे एकच शब्द: 'कासेरेट'. म्हणजे सैन्याच्या कामाचा नाही, मोडीत काढला.

माणूस तीन वर्षांत साडेतीन इंच आटत नाही. हे दोघे भाऊ होते.

थोरल्याच्या नावापुढे नंतरच्या वहीत मृत्यूची नोंद होती, १८०८च्या शरद ऋतूतली, लष्करी इस्पितळात. त्या युद्धात गोळीपेक्षा तापाने आणि हगवणीने जास्त माणसं नेली. आणि सासूबाईंचा वंश ज्या मुलापासून सुरू होतो, तो जन्मला १८१२ साली. केक झाला होता तो वेगळ्याच ऊलेसाठी.

हे सांगायला मी चार दिवस लावले. शेवटी सांगितलं तेव्हा सासूबाई गप्प बसल्या आणि मग विचारलं, "त्याच्या पायाला काय झालं होतं?" तो शब्द आजवर मला लागलेला नाही. शाईचा डाग नेमका तिथेच.

मला स्वतःला हा धाकटाच जास्त आवडतो. १८०९ची उपासमार, १८१२ची त्याहून वाईट, इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे धान्य येत नाही, लोक पिठात झाडाची साल कुटून घालतायत, आणि हा लंगड्या पायाने संसार मांडतो. त्याची बायको त्या वह्यांत कुठेच नाही. आई नाही, बहिणी नाहीत. बायकांना सैन्याने मोजलं नाही, कारण त्यांचा सैन्याला उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी मला परत चर्चच्या वह्यांकडे आणि १८०१च्या जनगणनेकडे जावं लागतं. त्या जनगणनेत निदान प्रत्येकाचं नाव आहे.

एक चूक तुम्ही करू नका. मी पहिल्यांदा साडेबासष्ट इंच म्हणजे पाच फूट अडीच इंच असा हिशेब केला आणि नवऱ्याचा चेहरा पडला. पण तो इंच आपला नाही. तिथला जुना इंच २.६ सेंटिमीटरहून किंचित मोठा. धाकटा ऊले १६३ सेंटिमीटरच्या वर भरतो, पाच फूट चार. एका गुणाकारात पूर्वज पावणेदोन इंच वाढला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी आपल्या लेकाला दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि मला गुणाकार करायला लावला. १८८ सेंटिमीटर, म्हणजे जुने बहात्तर इंच, जवळजवळ. "हा ग्रेनेडियरमध्ये गेला असता," मी म्हटलं. तिथे उंच माणसं निवडून घेत.

त्यांनी त्याच्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कासेरेट."