स्वल्पविराम आणि पान क्रमांक

"पान क्रमांक कोण बघतंय, मॅडम?" आज कोशाच्या नोंदी तपासायच्या बैठकीत, संदर्भांचा विषय निघाल्यावर, एक ज्येष्ठ सर म्हणाले. अजून डोक्यातून जात नाही.

आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची नोंद होती. शीर्षक 'कोटणीस, द्वारकानाथ' की 'द्वारकानाथ कोटणीस', यातच बराच वेळ गेला. मराठी विश्वकोशात आडनाव आधी, मग स्वल्पविराम; छापील खंडात शोधायला ते सोयीचं. मोबाइलवर शोधणारा सरळ नावच टाकतो. माझं म्हणणं, काहीही ठेवा, पण सगळीकडे तेच ठेवा.

संदर्भांवर मात्र मी हटले नाही. १९३० मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) नोंदीखाली नुसतं 'तत्कालीन वृत्तपत्रे' लिहिलंय. कुठलं वृत्तपत्र? कुठल्या तारखेचं?

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली आपली माणसं. चार पुतळ्यांजवळून आपण रोज जातो. त्यांच्याबद्दलचं एखादं वाक्य उद्या दहावीतल्या पोराला तपासावंसं वाटलं, तर वाचनालयात जाऊन त्यानं मागायचं काय?

तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या काळातली कात्रणं आहेत का? वृत्तपत्राचं नाव आणि तारीख दिसत असेल, तर कृपया कळवा.