तुमची पण सही आहे

२५ नोव्हेंबर, रात्री

उद्या संविधान दिन, म्हणून सकाळी सहावीकडून उद्देशिका दोनदा म्हणवून घेतली. 'सार्वभौम'पाशी गाडी अडतेच.

दुपारी मात्र माझीच अडली. अपूर्णांकांचा भागाकार राहिलाय, म्हणून खेळाचा तास घ्यायला गेले. फळ्यावर तारीख लिहितेय तोच मागून एका मुलीचा आवाज, "बाई, तुमची पण सही आहे."

जूनमध्ये मुलांनी ठरवलेले वर्गाचे नियम कार्डशीटवर मागच्या भिंतीला आहेत. खाली सगळ्यांच्या सह्या, शेवटची माझी. पाचवा नियम : 'विचारल्याशिवाय कुणाचं काही घ्यायचं नाही.' तो झाला होता खोडरबरांच्या भांडणातून! "पण वेळापत्रकात तास आमचाय ना," ती म्हणाली.

'उलट बोलू नकोस' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. गेल्याच आठवड्यात बालहक्क दिनाला मीच यांना सांगितलं होतं की १९८९च्या बालहक्क करारात खेळण्याचाही हक्क आहे, कलम ३१. मग रीतसर विचारलं. घासाघीस झाली : पंधरा मिनिटं गणित, मग मैदान.

मैदानावर पाचच मिनिटांत चेंडू भिंतीपलीकडच्या वाड्यात. हक्क मागायला अख्खा वर्ग, चेंडू आणायला कुणी नाही. शेवटी तीच दोघांना ओढत निघाली, मीही मागे गेले. दारावर पाटी : 'दुपारी १ ते ४ कडी वाजवू नये.' कसबा पेठेत दुसरं काय असणार! तिघं पाटीसमोर कुजबुजत उभी. एकाने कडीला हात घातला, तो तिने खाली ओढला. "आजोबांचा तास आहे." उरलेला वेळ लंगडी. पाच वाजता शाळा सुटल्यावर चेंडू मिळाला, वर दोन लिमलेटच्या गोळ्या. त्या तिघांत कशा वाटल्या, देव जाणे.

पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली मूलभूत कर्तव्यं आम्ही मुलांकडून घोकून घेतो. त्यातलं अकरावं, २००२ साली आलेलं, मुळात मोठ्यांसाठी आहे : पाल्याला ६ ते १४ वयात शिक्षणाची संधी द्यायची. इतकी वर्षं मी तेही मुलांकडूनच पाठ करून घेतेय.

निघताना वर्गात डोकावले. पाचव्या नियमाखाली हिरव्या स्केचपेनने भर पडली होती : 'तासपण.' भागाकार अजून तसाच आहे.