पिक्सीची नोंदवही : बोर्ड चालू झालं, आता बाप कोण ते पाहू

पिक्सी, म्हणजे मोर्स पाठवणारा आणि ऐकणारा चिमुकला हॅम रेडिओ, अखेर हवेवर जायच्या लायकीची झाली आहे. किट नेहमीचंच, चिनी : ७.०२३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, लहरी निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरला ९०१८ ट्रान्झिस्टर, आउटपुटला ८०५० ट्रान्झिस्टर, ऐकायला एलएम३८६ ही आवाज वाढवणारी चिप. सोल्डरिंगबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डमी लोड, म्हणजे ॲंटेनाऐवजी चाचणीला लावायचा भार, घरीच केला : तपकीर गल्लीतून आणलेले १०० ओहम, १ वॅटचे दोन कार्बन रेझिस्टर समांतर. त्यावर १एन४१४८ डायोड आणि कपॅसिटर लावून मीटर धरला. ९ व्होल्ट पुरवठ्यावर ६.२ व्होल्ट दिसले. डायोडचे ०.६ मिळवा, वर्ग करा, शंभराने (५० ओहमच्या दुपटीने) भागा. जेमतेम ०.४६ वॅट. एवढ्यात मोर्स बरंच लांब जातं.

की दाबताना बघत बसलेल्या पुतण्याने विचारलं, "काका, हे चिन्यांनी शोधलं ना?" बोर्डावर कुणाचं नावच नाही, त्याला तरी काय दोष द्यायचा!

चिन्यांनी फक्त छापलं. पिक्सी अमेरिकेतल्या डेव्ह जोसेफ, डब्ल्यूए६बीओवाय (हा हॅमचा कॉलसाइन, पुढेही नावांसोबत तेच) यांची. त्याआधी, १९९२ मध्ये, रशियाच्या ओलेग बोरोदिन, आरव्ही३जीएम यांचा मायक्रो-८० हा तसाच छोटा सेट आला. आणि त्याच्याही मागे स्कॉटलंडचे जॉर्ज बर्ट, जीएम३ओएक्सएक्स, यांचा १९८३ चा 'फॉक्स', ब्रिटनमधल्या जी-क्यूआरपी क्लबच्या 'स्प्रॅट' या नियतकालिकात छापलेला. मागे जायचं तर अजूनही जाता येतं. ऑसिलेटर कोलपिट्स पद्धतीचा, म्हणजे एडविन कोलपिट्सपर्यंत. पण त्या हिशेबाने जगातली अर्धी सर्किटं त्यांच्याच नावावर चढतील.

माझं मत बर्ट यांच्या बाजूने. खरी करामत आहे ती आउटपुटच्या ट्रान्झिस्टरला दुहेरी कामाला जुंपण्यात. की दाबली की एमिटर जमिनीला लागतो आणि तो ताकद देतो. सोडली की तोच मिक्सर होतो : एकीकडून ॲंटेनाचा सिग्नल, दुसरीकडून आपलाच ऑसिलेटर, आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक कानात शिट्टी होऊन येतो. वेगळा रिसीव्हर बांधायची गरजच उरत नाही. बोरोदिन यांनी भाग छाटत छाटत ते आणखी आटोपशीर केलं, हेही सोपं काम नाही. भाग वाढवणं कुणालाही जमतं.

आपल्याकडे नावाबद्दल असा घोळ नसलेलं उदाहरण म्हणजे बिटएक्स, घरी बांधायचा हॅम रेडिओ सेट. हैदराबादच्या अशर फरहान, व्हीयू२ईएसई यांचं, हे सगळ्यांना ठाऊक. मूळ बिटएक्समध्ये गुंडाळ्या नळाच्या वॉशरवर घातल्या होत्या. टोरॉइड (गुंडाळीसाठीची तयार कडी) मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी ते एकदा बघावंच.

श्रेयाचं भांडण कुठवर जातं हे अमेरिकन रेडिओ संशोधक आर्मस्ट्राँगच्या रिजनरेशनमध्ये, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन सिग्नल वाढवण्याच्या सर्किटमध्ये, दिसतं. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रतिस्पर्धी संशोधक डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. आर्मस्ट्राँग आपलं पदक परत करायला रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेकडे गेला, तर संस्थेने ते घेतलंच नाही. कोर्ट काहीही म्हणो, सर्किट कुणाचं ते इंजिनिअरांना माहीत होतं.

पुतण्याला हे सगळं सांगितलं. त्याला पदकाचा किस्सा तेवढा आवडला.

आता फिल्टर. किटमधला एकाच गुंडाळीचा आहे, १४.०४६ मेगाहर्ट्झला दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल, बऱ्यापैकी सुटतो. लायसन्स आपलं आहे, तेव्हा ॲंटेना जोडण्याआधी आणखी एक टप्पा बसवतोय : टी३७-२ या टोरॉइडवर १६ वेढे, म्हणजे साधारण १ मायक्रोहेन्री. कपॅसिटर एनपीओ, म्हणजे तापमानाने फारसे न बदलणाऱ्या, सिरॅमिकचे. १२ व्होल्टवरचे आकडे त्यानंतर टाकतो.