डोकं अडलेला फ्रॉक

माझं शिवणाचं दुकान उघडायला आणि त्या ताई यायला एकच गाठ पडली. पिशवीतून आकाशी सुती फ्रॉक निघाला: वर अस्तर लावलेला योक, म्हणजे छातीवरचा सपाट भाग, खाली चुण्यांचा घेर, बाह्या नाहीत. "आजीनं हौसेनं शिवलाय. आज दोन वर्षं पूर्ण होतायत, संध्याकाळी घालायचाय. पण ही घालूच देत नाही, नुसती रडते." मुलगी आईच्या कडेवरच होती, फ्रॉककडे पाठ करून.

उलटा करून पाहिला तर शिलाई सुरेख. टाके एकसारखे, धागा कुठे ओढलेला नाही. फक्त मागच्या गळ्याला दोन इंचांची चीर होती, वर एक हुक, आणि चिरेचं टोक दोन सूत, म्हणजे पाव इंच फाटलेलं. तिथेच सगळं कळलं. चीर टोकाला फाटते ती डोकं घुसवताना कापड ताणल्यामुळे.

"मापं कुठली घेतली होती?"

"छाती, खांदा, उंची."

"आणि डोकं?"

"डोक्याचं माप कोण घेतं?"

मोठ्या माणसाच्या कपड्यात नाही घेतलं तरी चालतं, कारण छाती डोक्यापेक्षा बरीच मोठी असते. दोन वर्षांच्या मुलाची छाती साधारण 20 इंच आणि डोकं जवळपास 19. मान मात्र बारीक. मानेला शोभेल असा गळा कापला की डोकं अडणारच. टेप पाहून मुलं मान फिरवतात, म्हणून मी एक सुती नाडी भुवयांच्या वरून आणि मागच्या फुगवट्यावरून फिरवली, चिमटीत पकडली आणि मग टेपवर ठेवली. बरोबर 19. गळ्याचा घेर 14. चीर पूर्ण उघडली की तिच्या दोन्ही कडा घेरात मिळतात, म्हणजे 14 अधिक 4, एकूण 18. एक इंच कमी. डोक्यापेक्षा निदान दोन इंच जास्त हवेत, नाहीतर नाक आणि कान खरवडून निघतात.

अशा वेळी हात आपोआप कात्रीकडे जातो: गळाच मोठा करू. तेवढं करू नये. या वयात खांद्याची शिलाई जेमतेम अडीच इंचांची असते. गळा रुंद केला की योक खांद्यावरून घसरतो, आणि कापलेलं कापड परत येत नाही. वाढवायची ती चीर. पाच इंच केली की 14 अधिक 10, म्हणजे 24. योक मागे साडेपाच इंच होता, त्यामुळे घेराचा जोड उसवावा लागला नाही आणि फाटलेला भागही नव्या चिरेत गेला.

हुक काढला. चिरेची जुनी टीप उसवून कापड आणि अस्तर एकत्र टाचलं. खडूनं पाच इंचांची रेघ मारली आणि कापण्याआधी नव्या टोकाभोवती बारीक टाक्यांची व्ही आकाराची टीप मारली. मग टोकाच्या एक धागा अलीकडेपर्यंत कापलं. चिरेच्या कडांना लावायची पट्टी कापडाच्या उभ्या धाग्यात, 11 इंच लांब, दीड इंच रुंद. उरेब, म्हणजे तिरकी कापून घेतली तर ती ताणली जाऊन चीर लोंबते. चीर सरळ रेषेत उघडून पट्टीवर ठेवायची. पट्टीची माया, म्हणजे शिलाईबाहेर राखलेलं कापड, सगळीकडे दोन सूत, पण चिरेची माया टोकाकडे कमी होत अर्धा सूतच उरते. नेमकं इथेच बिघडतं. जास्त कापड धरलं तर चुणी बसते, कमी धरलं तर पहिल्याच धुण्यात उसवतं. म्हणून टोकाशी सुई कापडात रुतवून थांबायचं, मशीनचा दाबपाय उचलायचा, पुढची घडी मागे सारायची, पाय टाकून पुढे जायचं. पट्टी आत दुमडून तुरपली आणि खालच्या टोकाला आतून तिरकी टीप मारली, नाहीतर पट्टी बाहेर डोकावते. हुकाऐवजी तीन चपटी बटणं, तीन सुतांची. मूल पाठीवर झोपतं, फुगीर बटण टोचतं. आणि घट्ट शिवायची. सुटलेलं बटण आधी तोंडात जातं.

पण रडण्याचं कारण एकच नव्हतं. मुलीच्या बगलेत लाल रेघ होती. फ्रॉक छातीत 21 भरला, म्हणजे सैलपणा फक्त एक इंच. कापताना 22 धरले होते, पण कापड धुऊन घेतलं नव्हतं. पहिल्या धुण्यात इंच गेला. सुती कापड शंभराला तीन ते पाच सहज आटतं. आजींनी बाजूंना एक-एक इंच माया ठेवली होती म्हणून फ्रॉक वाचला. हल्ली कडांना इंटरलॉकची गुंफणारी शिलाई मारून माया कापूनच टाकतात, मग उसवून काय मिळणार? दोन शिलाया, प्रत्येकीच्या दोन कडा, प्रत्येक कडेतून अर्धा इंच सोडला की दोन इंच मिळतात. छाती 23 झाली. योक रुंद झाला तशा बाजूंच्या तीन-तीन इंचांतल्या चुण्या सैल करून घेर पुन्हा जोडला. मुंढ्याच्या, म्हणजे हात घालायच्या भोकाच्या, आत पाऊण इंचाची जाड माया दुमडून राहिली होती; ती दोन सूत ठेवून छाटली आणि वळणावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर कातरे दिले.

संध्याकाळी घालून पाहिला. बटणं सोडून आधी डोकं, मग हात, रडं नाही. लगेच खाली बसली आणि घेरावरची एक चुणी ओढायला लागली.

डाव्या बाजूला जुन्या टिपेची भोकं अजून दिसतात. ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली, थोडी मिटली. कापड सुती आहे, दोन धुण्यांत जातील. सॅटिन असतं तर तिथे लेस लावावी लागली असती.