सूर गवसला म्हणे

दुपारी अडीचची वेळ. लॅपटॉप मांडीवर उघडा ठेवून मी डोळे मिटले होते, म्हणजे कुणी विचारलंच तर काम चालू आहे. तेवढ्यात खाली 'फट्' असा आवाज झाला, आणि त्यामागोमाग त्याहून ओळखीची गोष्ट: दहा-बारा पोरांचा कलकलाट एकाच क्षणी बंद. गॅलरीत जाऊन पाहिलं तर पार्किंगमधल्या एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या दाराची काच गेली होती. बॉल गाडीत, पोरं जिन्याखाली, आणि फरशीवर काचेचे बारीक चौकोनी खडे उन्हात लखलखत पडलेले. वॉचमनकाका खराटा घेऊन आले, पण लगेच झाडेनात. खराट्यावर दोन्ही हात टेकून नुसते बघत उभे राहिले. दिसतही होतं सुंदर. गाडी दुसऱ्याची असली की सौंदर्यदृष्टी चटकन जागी होते.

पूर्व लंडनच्या बोलीत याला 'हॅकनी डायमंड्स' म्हणतात. हॅकनी म्हणजे तिथला एक भाग. शनिवारी रात्री कुणीतरी गाडीची काच फोडतं आणि सकाळी रस्त्यावर हे हिरे सांडलेले असतात. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडने आपल्या २०२३ च्या अल्बमला हेच नाव दिलं. जिभेवर शब्द येतो तसं मला ते गॅलरीत उभ्याउभ्या आठवलं, आणि मग काम राहिलंच. तसंही ते झालं नसतं.

तो अल्बम आला तेव्हा सगळीकडे एकच गजर होता: म्हाताऱ्यांना सूर गवसला! आपल्याकडे हे शब्द क्रीडापानाची मालमत्ता आहेत. चार डाव लवकर बाद झालेला फलंदाज पाचव्या डावात सत्तर धावा काढतो आणि सकाळी मथळा असतो, 'अखेर सूर गवसला'. गाण्यातला सूर क्रिकेटवाल्यांनी नेला तो नेलाच. मला या वाक्याचा लहानपणापासून राग आहे. गवसला म्हणजे काय? हरवला कुठे होता? किल्ल्यांच्या जुडग्यासारखा फ्रिजवर ठेवून विसरले होते का?

त्याच्याच मागून येणारं दुसरं वाक्य तर आणखी वाईट: 'अमक्यानंतरचा सर्वोत्तम अल्बम'. स्टोन्सच्या बाबतीत हा 'अमका' म्हणजे कधी १९७८ चा 'सम गर्ल्स', कधी १९८१ चा 'टॅटू यू'. मला आठवतं तेव्हापासून त्यांच्या जवळजवळ प्रत्येक नव्या अल्बमवर हा शिक्का बसत आलाय. आमच्याकडे लग्नात एक काका जेवून उठताना म्हणायचे, "वा, अशी बासुंदी शरूच्या लग्नानंतर आजच!" यात कौतुक कुणाचं झालं ते कळायचं नाही, पण मधल्या अकरा लग्नांचा अपमान मात्र व्यवस्थित व्हायचा.

आणि गंमत बघा. तो 'टॅटू यू', ज्याची फूटपट्टी लावून चाळीस वर्षं त्यांना मोजलं, तो मुळात शिळ्या पोळ्यांचा कुस्करा होता. नवीन गाणी करायला गायक मिक जॅगर आणि गिटारवाला किथ रिचर्ड्स एकत्र बसतील अशी परिस्थिती नव्हती, दौरा तर तोंडावर आलेला. मग मागच्या आठ-नऊ वर्षांच्या टेपा उपसल्या, अर्धवट सोडलेलं बाहेर काढलं, वर नवे शब्द, नवा आवाज, कढीपत्ता घालून फोडणी. 'स्टार्ट मी अप' त्यातलंच. ते आधी रेगेच्या, म्हणजे जमैकाकडच्या संथ ठेक्याच्या, चालीवर घोळवून टाकून दिलेलं होतं. जगभरच्या मैदानांत लोक ज्याच्यावर नाचतात तो कुस्करा आहे हे कळल्यापासून सकाळच्या कुस्कऱ्याकडे मी आदराने बघते.

मला हे सगळं मामामुळे. गिरगावात मुगभाटात आजोळची दोन खोल्यांची जागा होती. बाहेरच्या खोलीत मामाचं लोखंडी कपाट. मामा बँकेत कारकून, शर्ट खोचलेला, भांग कडेला, संध्याकाळी सहा-पन्नासला घरी. आणि या माणसाच्या कपाटाच्या दारावर लालभडक ओठ आणि बाहेर काढलेली जीभ, म्हणजे स्टोन्सचं चिन्ह. फोर्टच्या फुटपाथवर जुन्या परदेशी मासिकांच्या ढिगात त्याला ते चित्र मिळालं होतं. कापून, घरच्या खळीने डकवलेलं. काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाऊस'मधून महिन्याला एक कॅसेट यायची, आणि ती ऐकायची वेळ म्हणजे आजी देवळात गेली की. मी आणि मामा फरशीवर बसायचो. आवाज अगदी लहान, कारण गॅलरी सामाईक. जगातला सगळ्यात दांडगा म्हणवणारा बँड मी पहिल्यांदा कुजबुजताना ऐकलाय. अजूनही मोठ्या आवाजात लावला की मला वाटतं, शेजारचे येतील.

आजीला त्या गाण्यांचं काही नव्हतं. तिला कपाटावरची जीभ खटकायची. एकदा काळबादेवीला जाऊन आली, चपला काढता काढता कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाळ्या, कालीची जीभ आहे ती. अशी कपाटाला डकवू नये. डकवलीस तर निदान उष्ट्या हाताने दार उघडू नकोस."

आम्ही दोघं किती हसलो होतो. पुढे कितीतरी वर्षांनी मी वाचलं की ते चिन्ह १९७० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या जॉन पाश नावाच्या विद्यार्थ्याने काढलं, त्याला त्याचे पन्नास पौंड मिळाले, आणि काढण्याआधी जॅगरने त्याच्यासमोर एक चित्र ठेवलं होतं. कालीमातेचं. मी मामाला फोन केला. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "आई असती तर आता ऐकवलं असतं तिने वर्षभर."

७ एप्रिल २००३ ला स्टोन्स मुंबईत आले, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. मामा तेव्हा बावन्नचा. तिकिटाला पैसे घातले म्हणून मामी दोन दिवस बोलली नाही. त्याचं म्हणणं एकच होतं, "साठीला आलेत ते. आता पुन्हा कुठले येतायत? शेवटचं बघून घेऊ." बँकेतून परस्पर गेला, डब्याच्या पिशवीसकट. परत आला तेव्हा घसा बसलेला आणि डबा हरवलेला.

इकडे पुन्हा आले नाहीत हे खरं, पण थांबलेही नाहीत. २००५ मध्ये 'अ बिगर बँग' केला. मग स्वतःची नवी गाणी म्हणाल तर अठरा वर्षं अल्बम नाही. मधे २०१६ मध्ये जुन्या ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांचा, एक केला, तो छानच होता, पण दुसऱ्यांच्या गाण्यांचा. नुसतेच दौरे. शेवटी म्हणे मिकने तारीख घालून दिली, २०२३ चा व्हॅलेंटाईन डे, त्याच्या आत सगळं आटपायचं. लग्नघरात तारीख ठरली की वर्षभर रखडलेला रंग आठ दिवसांत लागतो, तसं झालं. कामावर मुकादम, म्हणजे निर्माता, नेमला तो अँड्र्यू वॉट, १९९० साली जन्मलेला पोरगा. तो रोज स्टोन्सचा वेगळा टीशर्ट घालून यायचा. म्हणजे पोराच्या छातीवर मालकांचीच जीभ.

अल्बम आला २० ऑक्टोबरला, ऐन नवरात्रात. आजीचा जोगवा पोचला म्हणायचा.

मी तो घेऊन मामाकडे गेले. आता तो बोरिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे म्हणून बाहेर पडतो तरी, गुडघे दोन्ही बदललेले. मी फोन छोट्या स्पीकरला जोडला. त्याने सवयीने दार लावून घेतलं.

पहिलं गाणं सुरू झालं. मामा टेबलावर बोटं धरून होता. मिकचा आवाज ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. ऐंशी वर्षांच्या माणसाचा इतका करकरीत आवाज कसा? थोडी साफसफाई केलेली असणारच. सगळा अल्बमच मला थोडा जास्त घासलेला वाटतो, लख्ख पितळी डब्यासारखा. किथची गिटार मात्र कोणी घासू शकलेलं नाही. ती तशीच, वेळेच्या जरा मागे रेंगाळत, चहा संपला तरी कपात बघत बसलेल्या माणसासारखी. चौथ्या गाण्यात तर बेसवर पॉल मॅकार्टनी आहे, साठ वर्षं ज्यांना एकमेकांचे वैरी म्हणून विकलं त्या बीटल्समधला. मी हे मामाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याने "हं" केलं. मग म्हणाला, "ड्रम्सवर तो नाही."

नव्हताच. स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ ला गेला. त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन आहे, चार्लीनेच सुचवलेला. उत्तम वाजवतो. तसं मी म्हटलंही.

"उत्तमच आहे गं. भरून वाजवतोय."

सातव्या गाण्याला मात्र मामा सरळ झाला. मी काही सांगितलं नव्हतं, मुद्दामच. टेबलावर त्याचा उजवा हात चालू लागला आणि दर दुसऱ्या मात्रेला वर उचलला जाऊन अधांतरी राहू लागला. "हा तो," म्हणाला. "आला."

चार्लीची ही लकब जाणकारांना पाठ आहे. बाकीचे ड्रमर हायहॅटवर, म्हणजे दांड्यावरच्या झांजांच्या जोडीवर, उजवा हात अखंड चालवतात. हा डाव्या हाताने स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर, ठोका देताना उजवा उचलून घ्यायचा, क्षणभर त्या जागी काही नाहीच. मामा तरुणपणी चाळीच्या गणपतीत भजनाला तबला धरायचा. त्याने मला तेव्हा फरशीवर बसून समजावलं होतं: तीनतालात पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता बाजूला. ती खाली. "टाळ्या काय, कुणीही देतं," म्हणायचा. "आपण कुठे आहोत ते खालीवर कळतं. हा चार्ली बघ, गोरा असून खाली दाखवतो." संगीतशास्त्राच्या दृष्टीने हे कितपत बसतं देव जाणे. माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

'मेस इट अप' आणि त्याच्या पुढचं 'लिव्ह बाय द सोर्ड', या दोनच गाण्यांत तो आहे. जाण्याआधी वाजवून ठेवलेलं. दुसऱ्यात तर १९९३ पासून बाहेर पडलेला बिल वायमनही बेसला येऊन बसलाय. आठ मिनिटांच्या आत-बाहेर सगळं. ती दोन संपली आणि नववं लागलं, तरी मामाचा हात त्याच जुन्या चालीने उचलला जात होता. आता ते जुळत नव्हतं. त्याच्याही लक्षात आलं. हात मांडीवर ठेवला.

"पुढच्या वर्षी अमेरिकेत दौरा करणार आहेत म्हणे," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

तो दौरा झालाही, २०२४ मध्ये. त्याचे प्रायोजक कोण होते, तर अमेरिकेतली पन्नाशीपुढच्या लोकांची संघटना! हे कळवायला पुन्हा फोन केला तेव्हा मामा इतका हसला की मामीने फोन हातात घेऊन विचारलं, काय झालं. मामाही त्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार आहे. त्यांच्या प्रायोजकत्वाची धाव वज्रेश्वरीची एक दिवसाची सहल आणि मोफत रक्तदाब तपासणी इथवर.

अल्बमचं शेवटचं, बारावं गाणं मी अजून ऐकलेलं नाही. ही माझी जुनी खोड. आवडत्या माणसांच्या कुठल्याही नव्या गोष्टीचं शेवटचं काहीतरी मी शिल्लक ठेवते. लहानपणी श्रीखंडाची शेवटची वाटी अशीच राखायचे आणि ती दरवेळी मावसभाऊ खायचा. गाण्याला तो धोका नाही. त्याच्याबद्दल मी वाचलंय सगळं. ब्लूज गायक मडी वॉटर्सने १९५० मध्ये गायलेलं, ज्याच्यावरून या पोरांनी बँडला नाव घेतलं ते गाणं. त्यात मिक आणि किथ दोघंच आहेत, एकाची माउथऑर्गन, एकाची गिटार. १९६१ मध्ये डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर मिकच्या काखेतल्या ज्या तबकड्या बघून किथ त्याच्याशी बोलायला गेला, त्यांत मडी वॉटर्सचीही होती. साठ वर्षांनी दोघं हिंडून फिरून त्याच फलाटावर. मामा म्हणतो ऐक. मी म्हणते, ऐकेन.

बरं, काचेचं राहिलंच.

संध्याकाळी खाली गेले तेव्हा वॉचमनकाकांनी बरंचसं भरलं होतं, पण फरशीच्या सांध्यांत आणि गटाराच्या जाळीवर खडे होतेच. बी विंगमधला एक पोरगा उकिडवा बसून ते कंपासपेटीत गोळा करत होता.

"हात कापेल रे."

"नाही कापत, काकू. ही काच कापत नाही."

मी एक उचलून पाहिला. खरंच कापत नव्हता. कडा बोथट, आत पाण्याची हिरवट झाक. मुठीत धरून वर आणला, का ते विचारू नका. टीव्हीशेजारी ठेवलाय. कामाच्या मावशी रोज फडकं मारताना तो उचलतात, खाली पुसतात, परत ठेवतात. परवा मात्र त्यांनी विचारलंच, "ताई, हे टाकू का?"